दहा खांबांचं तिकीट

वालेआ मारे, रोमानिया
२५ सप्टेंबर २०२५

थोरल्या बहिणीला, बबिताबाईला भारतचा जय सेवालाल.

मी सुखरूप पोहोचलो. काम सुरू झालं आहे. फोन कंपनीकडे जमा असतात. दर रविवारी सुपरवायझर साहेबांच्या फोनवरून दहा मिनिटं बोलायला मिळतं, तेही हिंदीत, असा इथला नियम आहे. याडीला पोटच्या पोराशीही हिंदीत बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितो. तू टपालातच नोकरीला आहेस, तेव्हा पत्र हरवणार नाही.

पोस्ट ऑफिस आमच्या खोलीपासून चालत अर्ध्या तासावर आहे. खिडकीत एक म्हातारी बाई बसते, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. तिनं दोन प्रकारची तिकिटं दाखवली. एक फुलांचं, एक इमारतीचं. मी इमारतीचं घेतलं. याडीला चित्र दाखव. दगडी इमारत आहे, पुढे दहा खांब आहेत. आपल्या यवतमाळात अशी एकही नाही.

मी ठीक आहे. बापूंना नमस्कार.

तुझा भारत


खेमसिंग नाईक तांडा, ता. दारव्हा
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय भारत,

तुझं पत्र दिवाळीच्या दोन दिवस आधी पोहोचलं. तेवीस दिवस लागले. दारव्ह्याहून पिशवी आली, मी उघडली आणि वरच तुझं पाकीट. ऑफिसच्या वेळेत घरचं पत्र वाचायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, म्हणून तीन वाजेपर्यंत ते पिशवीखाली ठेवून दिलं. तोवर दोनदा चुकीच्या तारखेचा शिक्का मारला.

एक सांगते, राग मानू नकोस. तिकीट वाकडं लावलं आहेस. माझ्याकडे कुणी असं पाकीट आणलं तर मी काढून परत लावायला सांगते. तुला लहानपणी वहीत समास आखायला मीच शिकवलं होतं, तेव्हाही तुझी रेघ उजवीकडे जायची.

आता याडीचं ऐक. तिला मी पत्र वाचून दाखवलं. तिनं पाकीट हातात घेतलं आणि कात्रीनं तिकीट कापून आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं. ते पाकीट आता तिच्या कमरेला असतं. दुसरी कुणी आई असती तर दिवाळीत पोराचा फोटो दाखवत फिरली असती, हिनं कुणी न विचारताच तिकीट दाखवलं. पोरी दिवे घेऊन घरोघरी ओवाळायला, मेरा करायला दारात आल्या, तर प्रत्येकीला थांबवून म्हणायची, "हे पाय, माह्या भारतची कंपनी. दहा खांब हायेत, मोजून घे." आणि पोरींनी मोजले.

तिकिटाच्या खाली बारीक अक्षरं आहेत. मी जुळवून वाचली, मग मोबाईलवर पाहिलं. ते राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे, त्यांच्या राजधानीत. तुझी कंपनी नाही. याडीला मी अजून काही बोलले नाही. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणजे मी न बोलणं हेही सांगण्यासारखंच झालं. मला ते बरं वाटत नाही. सांगू का?

तुझी बबिताबाई


वालेआ मारे
२२ नोव्हेंबर २०२५

बाई,

पत्र मिळालं. याडीला सांगू नको. तिला तसंच वाटू दे. मी ठीक आहे. जेवण ठीक आहे. थंडी आहे पण ठीक आहे.

खिडकीतल्या बाईनं या वेळी फुलांची तिकिटं पुढे केली होती. मी इमारतीचंच मागितलं. ती आता मला ओळखते.

भारत


खेमसिंग नाईक तांडा
१५ डिसेंबर २०२५

प्रिय भारत,

तुझं पत्र पाच ओळींचं आणि त्यात 'ठीक' तीनदा. अक्षर डावीकडे कललेलं आहे. तुझं अक्षर माझ्यावर गेलेलं, ते कधी डावीकडे कललं नव्हतं. मी आधीचं पत्र शेजारी ठेवून पाहिलं. 'भ' तर वेगळाच आहे.

इकडे एक गोष्ट झाली आहे. तुला ज्यानं तिकडे पाठवलं त्याच फुलचंद एजंटकडे रामधनकाकांच्या राजकुमारनं फॉर्म भरला. फुलचंद परवा पांढरकवड्याहून स्वतः जीप घेऊन आला होता. याडीनं त्याला चहा दिला आणि तिकीट दाखवलं. त्यानं ते पाहिलं, हसला, आणि राजकुमारला म्हणाला, "पाय, इथंच जायचं आहे." काकी म्हणाल्या, पोरगा कधी यवतमाळच्या पुढं गेला नाही. त्यावर राजकुमार म्हणाला, "भारतले एवढी मोठी बिल्डिंग भेटली, तर मले काय गोठा भेटन?" सगळे हसले. मीही हसले, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

तुझ्या पाकिटावरचा शिक्का वालेआ मारेचा आहे. इमारत बुखारेस्टची आहे. मी नकाशात पाहिलं, दोन्हींमध्ये दारव्हा ते नागपूरपेक्षा जास्त अंतर आहे. म्हणून सरळ विचारते, सरळ सांग.

तुझा पासपोर्ट तुझ्याजवळ आहे का?
तू नेमकं काय काम करतोस?
तुझ्या उजव्या हाताला काय झालं?

तू सगळं बरं असल्याचं लिहितोस म्हणून राजकुमार येतो आहे. तो आला आणि तिथं बरं नसलं, तर त्याला पाठवणारी मी असेन, कारण तुझी पत्रं मोठ्यानं मीच वाचते. फुलचंदवर माझा विश्वास नाही. तू एक शब्द लिहिलास तर मी राजकुमारला थांबवीन.

बबिताबाई


वालेआ मारे
५ जानेवारी २०२६

आदरणीय ताईंना नमस्कार.

आपले पत्र मिळाले. कंपनी फार चांगली आहे. सुपरवायझर साहेब आम्हाला घरच्यासारखे ठेवतात. पासपोर्ट सुरक्षित आहे. जेवण उत्तम आहे. फुलचंदजींनी जे सांगितले ते सर्व खरे आहे. राजकुमारला लवकर पाठवावे. इथे त्याच्यासाठी जागा ठेवली आहे. हे पत्र घरी सर्वांना वाचून दाखवावे.

आपला भारत


खेमसिंग नाईक तांडा
११ फेब्रुवारी २०२६
(कंपनीच्या खोलीच्या पत्त्यावर)

प्रिय भारत,

तुझं पत्र मिळालं. वाचून सगळ्यांना आनंद झाला. मी डिसेंबरमध्ये उगीच शंका घेतल्या, साहेबांना वाईट वाटलं असेल तर क्षमा मागते. राजकुमारला कावीळ झाली आहे, त्यामुळे त्याचं येणं लांबलं. बापूंची तूर निघाली.

तू जिथं तिकिटं घेतोस त्या खिडकीतल्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना आपलं पूर्ण नाव सांगून नमस्कार सांग. आम्ही दोघी एकाच खात्यातल्या.

तुझी बबिताबाई


खेमसिंग नाईक तांडा
११ फेब्रुवारी २०२६
(वालेआ मारे पोस्ट ऑफिस, मागणी होईपर्यंत ठेवावे)

भारत,

हे पत्र तुझ्या हाती पडलं तर माझा नमस्कार तुला समजला असं धरते. एखाद्याचं पत्र घरी न पाठवता पोस्टातच ठेवायचं, त्यानं येऊन मागितलं की द्यायचं, अशी सोय आमच्या नियमात आहे. ती प्रत्येक देशात आहे असं पुस्तकात वाचलं होतं. आपल्या शाखेत ती एकदाही कुणी वापरलेली नाही. पाकिटावर त्यांच्या भाषेत काय लिहायचं ते मोबाईलवरून उतरवून घेतलं, चार वेळा तपासलं. खोलीच्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्रातली कावीळ खोटी आहे.

तुझी माझी पत्रं कुणीतरी वाचतं हे मला जानेवारीत कळलं, आणि मी डिसेंबरात सगळं उघड लिहून बसले होते. त्याबद्दल तुला काय भोगावं लागलं ते मला माहीत नाही. मी रोज तिथपर्यंत विचार करते आणि थांबते.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा मी आधी पाकीट पाहिलं, सवयीनं. तिकीट कोपऱ्यात अगदी सरळ, कडेशी समांतर, पट्टी लावून बसवल्यासारखं. आणि उलटं. दहाही खांब वरून खाली लोंबकळत होते. मग मी आतलं पत्र उघडलं. त्यात तू मला 'आपण' म्हटलं होतंस.

आता जे झालं ते क्रमानं सांगते.

सोमवारी, २ तारखेला पिशवीत राजकुमारच्या नावाचं स्पीड पोस्ट आलं. कडक पाकीट, आत पासपोर्ट. व्हिसा लागून आला होता. त्याचं निघणं १० तारखेला ठरलं होतं. ते पाकीट मी पिशवीत घालून काकांकडे गेले. काकी अंगणात तुरीच्या शेंगा पसरत होत्या. राजकुमार मोटरसायकलची चेन काढून बसला होता. काकींनी ताक दिलं, मी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि पाकीट न देता परत आले. ऑफिसात येऊन मोबाईलमध्ये कारण नोंदवलं: दार बंद.

असं नोंदवलं की टपाल सात दिवस आमच्याकडे राहू शकतं. सात दिवस म्हणजे ९ तारीख. मग ते परत दारव्ह्याला. हे मी अंगणात ताक पितानाच मोजलं होतं.

तांड्यात दार बंद. कापूस वेचायला घरची सगळी गेली तरी काकींचं दार नुसतं लोटलेलं असतं, तुला माहीत आहे. सहा वर्षांच्या नोकरीत मी खोटी नोंद केली नव्हती. माझ्या आधी आपल्या घरात कुणाला अंगठ्याशिवाय सही करता येत नव्हती, आणि मला आली तेव्हा मी अशी वापरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाक निरीक्षकांना लिहून पाठवलं की ती नोंद खोटी आहे, दार उघडं होतं. आणि पाकीट घेऊन परत गेले. या वेळी याडीला सोबत घेतलं आणि तुझं जानेवारीचं पाकीटही.

राजकुमारची सही घेतली, पासपोर्ट त्याच्या हातात दिला. मग तुझं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

काकींनी पाहिलं. "तिकीट उलटं लागलं. त्यात काय एवढं? घाईत लागलं असंन."

मी म्हटलं, "काकी, मी त्याले वाकड्या तिकिटासाठी बोलली होती. हे त्यानं मापून लावलं आहे."

"तुले नोकरी आहे, बाई," राजकुमार म्हणाला. "तू तिकिटं पाहात बस. मले काहून अडवून राह्यली?"

"अडवत नाही. पासपोर्ट तुझ्या हातात आहे."

मग मी सांगितलं की ती इमारत कंपनी नाही, संग्रहालय आहे. जुन्या वस्तू ठेवायची जागा. भारत तिथं काम करत नाही. याडी दारात उभी होती. तिनं कमरेचं प्लास्टिकचं पाकीट काढलं, तिकिटाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तुले कवापासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"आन् मी पोरींले मोजायले लावत होती."

एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी रविवारपर्यंत बोलली नाही. राजकुमार म्हणाला, कंपनी त्या इमारतीत नसंन तर शेजारी असंन. बॅग भरायचं त्यानं थांबवलं नाही.

रविवारचा फोन तुला आठवत असेल, पण इकडून कसा झाला ते ऐक. काका, काकी, राजकुमार, सगळे आपल्याच ओट्यावर होते. फोन स्पीकरवर. आधी तुझ्या साहेबाचा आवाज आला, "अम्मा, हिंदी में." याडीनं फोन तोंडाशी धरला आणि आपल्या बोलीत विचारलं की त्या दहा खांबांतल्या कोणत्या खांबापाशी तू बसतोस.

तुझ्या मागे कसलं तरी यंत्र चाललं होतं. रविवार असूनही चाललं होतं. मग तू आपल्याच बोलीत म्हणालास की याडी, मी ते घर अजून पाहिलंच नाही. आणि फोन बंद झाला.

याडीनं तो तसाच राजकुमारपुढे धरला. "घे, आता तू विचार." पलीकडे कुणी नव्हतं. मी याडीला शिकवून ठेवलं होतं का असं काकींनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. खरंच नाही. मला तो प्रश्न सुचलाच नव्हता.

काल १० तारीख होती. सकाळी फुलचंदची जीप आली, नाईकांच्या ओट्यापाशी थांबून हॉर्न वाजवत राहिली. राजकुमार बाजेवर बसला होता, बॅग पायाशी. उठला नाही. जाणार नाही असंही म्हणाला नाही. फुलचंद चालत अंगणात आला. "चाल ना बाप्पा, नवरीसारखा काय बसला?" काकी उठल्या, त्याच्या तोंडावर दार लोटलं आणि आतून कडी लावली. मी समोरच्या घरी पत्र द्यायला गेले होते, मी पाहिलं. फुलचंद बराच वेळ दार वाजवत होता.

माझी नोंद आठ दिवसांनी खरी झाली. म्हणून ती चूक मिटत नाही. निरीक्षकांचा मेमो आला आहे, उत्तर द्यायचं आहे. मी जे झालं तेच लिहिणार आहे.

आता तुझं. तू निघालास त्या दिवशी मी तुझ्या पासपोर्टच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. तू मला भित्री म्हणाला होतास. त्यातली एक यात घातली आहे. मागच्या बाजूला बुखारेस्टमधल्या आपल्या दूतावासाचा पत्ता आणि फोन आहे. त्यांना मी तुझं नाव, गाव आणि कंपनीचा पत्ता कळवला आहे, ईमेलनं आणि टपालानं, दोन्ही. त्यांचं उत्तर आलं: माणूस आमच्या दारात आला तर आम्ही कागद करून देऊ. दारापर्यंत तुलाच यावं लागेल. ये असं मी इथं बसून कोणत्या तोंडानं सांगू? तिथं काय आहे हे मला दिसत नाही. तू ठरव.

याडी आता माझ्याशी बोलते. तिकीट तिनं फेकलं नाही. पाकिटात आहे, पण कुणाला दाखवत नाही.

लिहिता आलं तर लिही. तिकीट कसंही लाव.

बबिताबाई


बुखारेस्ट
१४ मार्च २०२६

बाई,

आधी पाकीट पाहा. मग पुढे वाच.

पाहिलंस? शिक्का आणि चित्र, दोन्ही या वेळी एकाच गावचे आहेत. तिकीट थोडं वाकडं लागलं असेल. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. नोव्हेंबरात करवतीत गेली. लाकडाच्या वखारीत फळ्या रचायचं काम होतं. आता बरं आहे, दुखत नाही. याडीला मी आल्यावरच सांगू दे. हे तुझ्यावर दुसरं ओझं टाकतो आहे, पण थोडेच दिवसांचं.

सुपरवायझर आमची पत्रं नागपूरच्या एकाकडून वाचून घ्यायचा. आपल्या बोलीत लिहिलेलं माझं पहिलंच पत्र त्यानं फाडलं होतं. पाकीट तो स्वतः चिकटवायचा. तिकीट मात्र मी लावायचो, खिडकीपाशी. आत काहीही असो, तू आधी बाहेरून पाहशील, हे मला माहीत होतं. म्हणूनच प्रत्येक वेळी इमारत. दोन गावं वेगळी आहेत हे तुला दिसेल असं वाटलं. तुला दिसलंही, पण तू पत्रात उघड विचारलंस. जानेवारीचं पत्र त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. राजकुमारचं नाव लिहिताना पेन ठेवून दिला होता. मग लिहिलं. ते तू त्याला सांग, किंवा मी सांगेन.

तुझा नमस्कार मी लगेच समजलो नाही. सुपरवायझरनं नजर ठेवायला सोबत पाठवलेला माणूस दारात उभा होता. मी खिडकीत पूर्ण नाव सांगितलं. बाईनं चष्मा लावला, मागे गेली आणि तुझं पत्र घेऊन आली. मी तिथंच उघडलं. पासपोर्टची झेरॉक्स खाली पडली, ती तिनं उचलली, पाहिली, माझा हात पाहिला. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. तिनं खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली, बाजूचं दार उघडलं आणि मला आत घेतलं. मागे पिशव्या ठेवायची खोली होती, आपल्या दारव्ह्यासारखीच, तसाच वास. मागच्या दारापाशी टपालाची गाडी भरत होती. ड्रायव्हरशी ती काहीतरी बोलली आणि मला पिशव्यांमध्ये बसवलं. जिल्ह्याच्या गावी गाडी थांबली, तिथून त्यानं बसमध्ये बसवून दिलं. तिचं नाव विचारायचं राहिलं.

दूतावासानं राहायची सोय केली. परतीचा कागद तयार झाला आहे. २० तारखेचं विमान आहे.

काल मी ती इमारत शोधत गेलो. कामासाठी निम्मी झाकलेली होती, आत जाता आलं नाही. बाहेरच्या रखवालदाराला थोडं हिंदी पिक्चरमधलं हिंदी येतं. त्यानं सांगितलं की संग्रहालय नंतर झालं. बांधली तेव्हा ती या देशाची टपाल कचेरी होती. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं तुझ्यासाठी.

पायऱ्यांवर बराच वेळ बसलो होतो. खांब मोजले. दहाच आहेत.

याडीला सांग, डावीकडून चौथा.

भारत